नखावरची मेंदी आठ महिने उतरली नाही: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय, भोपाळ
सादर नमस्कार.

मी इंदूरची, रामबागेत राहणारी. वय 53. साडीला फॉल-पिको करणं आणि ब्लाउज शिवणं हे गेली तीस वर्षं माझं काम. मंत्र्यांना पत्र लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे. काही कमी-जास्त झालं तर क्षमा असावी, असं लिहूनच सुरुवात करणार होते. पण मंगळवारी जे झालं त्यानंतर क्षमा मागायची माझी तयारी उरली नाही.

मार्चमध्ये आमच्या भागात महिलांसाठी आरोग्य शिबिर झालं. व्यासपीठावरून माइकवर सांगितलं गेलं की थायरॉइडची तपासणी आता मोहल्ल्यातल्या सरकारी दवाखान्यात फुकट होईल, कुण्या बहिणीला खासगी लॅबची पायरी चढावी लागणार नाही. मीही टाळ्या वाजवल्या. एप्रिलमध्ये गेले. मे महिन्यात गेले. जूनमध्ये पाऊस अंगावर घेत गेले. या मंगळवारी चौथ्यांदा गेले, सकाळी उपाशीपोटी, हातातलं शिवण टाकून. खिडकीतल्या मुलाने वर न बघताच सांगितलं, "मैडम, टीएसएच की किट खत्म है, अगले महीने देख लेना." टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड मंदावला की ते वाढतं. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघून डोस ठरवायचा असतो. माझे पाच महिने होत आले. पहिली फेरतपासणी मी माझ्याच पैशांनी केली, दुसरी राहिली आहे.

परत येताना औषधाच्या दुकानात थांबले. काउंटरवर एक मुलगी उभी होती, एकोणीस-वीस वर्षांची, कॉलेजची बॅग पाठीला. तिने हात पुढे केले आणि माझ्या पोटात कालवलं. नखं मध्ये खोलगट, कडा वर आलेल्या, चमच्यासारखी. नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तिथेच बसेल अशी. पापण्यांच्या आतला भाग पांढराफटक. दुकानदाराने कपाटातून गुलाबी पाकीट काढून दिलं: केस, त्वचा, नखं यांच्यासाठी, बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) 10 मिलिग्रॅम. मी त्या मुलीला म्हटलं, बाळा, हे घेऊ नकोस, आधी हिमोग्लोबिन बघ, अशी नखं लोह कमी असलं की होतात. दुकानदार म्हणाला, "आंटी, आप डॉक्टर हो क्या?"

मी डॉक्टर नाही. पण ते गुलाबी पाकीट मी वर्षभर खाल्लं आहे, आणि त्याने माझं काय केलं ते तुम्हाला सांगायलाच हे पत्र लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या गर्दीत माझी नखं सुटायला लागली. पापुद्रे निघावेत तशी टोकाला थर सुटून तुटत. तुमच्या घरातल्या कुणी माहेश्वरी साडीला हाताने फॉल लावला असेल तर त्यांना विचारा, रेशमात नख अडकलं की काय होतं. एक धागा ओढला जातो आणि पदरावर आडवी रेघ उमटते, ती कधीच जात नाही. गिऱ्हाइकाच्या लेकीच्या साखरपुड्याची साडी माझ्या नखाने गेली. 6,500 रुपये मी भरून दिले, तीन हप्त्यांत. त्या बाई पुन्हा आल्या नाहीत आणि त्यांच्या दोन बहिणीही आल्या नाहीत. मी बोटांना चिकटपट्टी गुंडाळून शिवायला लागले. चिकटपट्टी लावलेल्या बोटाला सुई कळत नाही, महोदय. तीस वर्षं जे काम डोळे मिटून केलं ते हाताला परकं झालं.

जो भेटला त्याने निदान केलं. शेजारणीने नखावरचे पांढरे ठिपके बघून कॅल्शियम सांगितलं. ते ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाला लागलेल्या बारीक मारामुळे येतात, कॅल्शियमचा त्यांच्याशी संबंध नाही, हे मला फार नंतर कळलं. दुकानदाराने बायोटिन दिलं. ते मी रोज सकाळी चहाच्या आधी घेत होते. त्यातच थकवा वाढला, भर उन्हातही पाय गार पडायचे, आवाज जाड झाला, भुवयांची टोकं विरळ झाली. घरच्यांनी म्हटलं थायरॉइड बघ. लॅबमध्ये रक्त दिलं. टीएसएच 2.1. नॉर्मल. कागद बघून एका डॉक्टरांनी सांगितलं, पाळी जाताना असं होतंच, जरा मन रमवा.

अकरा महिने मी मन रमवलं.

मला माझ्याच हातांनी सांगितलं होतं, ते मला वाचता आलं नाही. भाच्याचं लग्न मे महिन्यात झालं. नखांवर मेंदी चढली की ती नखाबरोबरच पुढे सरकते आणि कापून जाते, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, म्हणजे पाच-सहा महिन्यांत मेंदी निघून जायला हवी. माझ्या अंगठ्याच्या नखावर ती संक्रांतीलाही होती. तिळगूळ वाटताना माझी जाऊ म्हणाली, "अगं, लग्न होऊन आठ महिने झाले, तुझी मेंदी अजून कशी?" आम्ही दोघी हसलो. थायरॉइड मंदावला की नखांची वाढही मंदावते, नखं कोरडी आणि ठिसूळ होतात. आठ महिने ती लाल कोर माझ्या डोळ्यांसमोर होती.

फेब्रुवारीत त्याच जाऊबाईंबरोबर त्यांच्या डॉक्टरांकडे गेले. जाऊबाईंच्या बोटांच्या पेरांवर काळपटपणा आला होता, नखांवर निळसर-काळी झाक. बी-12 फार कमी निघालं होतं, आणि इंजेक्शनांनी काही महिन्यांत रंग उतरत चालला होता. डॉक्टरांनी माझे हात बघितले. मग एक प्रश्न विचारला, जो दोन वर्षांत कुणीही विचारला नव्हता: "तुम्ही सध्या कोणकोणत्या गोळ्या घेता? दुकानातून आणलेल्यासुद्धा सांगा."

बायोटिन बंद करून आठ दिवसांनी पुन्हा रक्त दिलं. टीएसएच 18.6.

हे कसं होतं ते त्यांनी समजावलं आणि मी माझ्या भाषेत समजून घेतलं. टीएसएच मोजणाऱ्या अनेक मशीनच्या किटमध्ये पकड घ्यायला बायोटिनच वापरतात. ब्लाउजचे हूक आणि काजं समजा. मशीनमध्ये काजं आहेत, रक्तातला टीएसएच बायोटिनच्या हुकाने त्यात अडकतो, आणि जेवढे हूक अडकले तेवढे मशीन मोजतं. तुमच्या रक्तात गोळीतलं बायोटिन भरलेलं असेल तर काजं आधीच भरून जातात. खरा टीएसएच धुऊन निघतो आणि आकडा खोटा कमी येतो. टी-4 हे थायरॉइड स्वतः बनवतो ते हार्मोन, ते मोजण्याची रीत उलटी असते, तिथे आकडा खोटा वाढतो. माझ्यासारखा मंद थायरॉइड त्यामुळे निरोगी दिसतो, आणि ज्याचा थायरॉइड खरंच निरोगी आहे त्याचा जास्त चालणारा दिसतो.

शरीराला दिवसाला बायोटिन लागतं 30 ते 40 मायक्रोग्रॅम. त्या गोळीत 10,000 मायक्रोग्रॅम होतं. अडीचशे-तीनशे पट! अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, 2017 मध्येच यावर जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही बायोटिनने खोटी कमी येऊ शकते, आणि अशा एका रुग्णाच्या मृत्यूची नोंदही त्यांनी त्यात सांगितली होती. थायरॉइडच्या तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवा, एवढं साधं सांगणं असतं. 2017 ते 2023 दर वर्षी इंदूर स्वच्छतेत पहिलं आलं, मला त्याचा अभिमान आहे. मी स्वतः ओला आणि सुका कचरा वेगळा करते, कारण गाडीवरचं गाणं रोज सकाळी मला ते सांगतं. त्याच सात-आठ वर्षांत ही एक ओळ मात्र आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली नाही.

नखं बघून रोग ठरवा असं मी म्हणत नाही. भांड्यांच्या साबणानेही नखं तुटतात, बुरशीनेही जाड होतात, उभ्या रेषा वयाने येतात. थायरॉइड जास्त चालत असेल तर नख खालच्या मांसापासून सुटतं, पुष्कळदा अनामिकेचं आधी, असंही डॉक्टर म्हणाले. पण नख बघून तपासणीला तरी पाठवा! आशाताई आमच्या घरी येतात, वजन लिहितात, गोळ्या देतात. हात पुढे करा म्हणायला किती वेळ लागतो? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या जवळपास 55 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. दर दोघींत एकीहून जास्त. त्या सगळ्या जणी कुठल्या ना कुठल्या काउंटरवर हात पुढे करून उभ्या आहेत, आणि त्यांना गुलाबी पाकीट मिळतं आहे.

त्या पाकिटाबद्दल तक्रार करायला मी गेले होते. एका कचेरीत सांगितलं, हे औषध नाही, खाद्यपदार्थ आहे, अन्नवाल्यांकडे जा. तिथे गेले तर म्हणाले, गोळी आहे ना, मग औषधवाल्यांकडे जा. दोन रिक्षा, अर्धा दिवस. जिच्यामुळे अकरा महिने माझा आजार झाकला गेला ती वस्तू कुणाच्याच टेबलावरची नाही. हिशोबाच्या वहीत तपासण्या, गोळ्या, टॉनिक, भरून दिलेली साडी धरून 21,340 रुपये लिहिलेले आहेत. न लिहिलेले धरले तर पंचवीस हजारांच्या पुढे जातील. गेलेली गिऱ्हाइकं त्यात नाहीत. आणि "मन रमवा" ऐकून मी रात्री जागून स्वतःलाच आळशी म्हणत होते, ते कुठल्या वहीत लिहू?

बायकांचं दुखणं या देशात आधी स्वभाव ठरतं, मग वय ठरतं, आणि सगळ्यात शेवटी कधीतरी आजार ठरतं. आमच्या रांगेतल्या आठ जणींपैकी पाच जणींना "टेन्शन घेऊ नका" हे औषध मिळालेलं आहे. मी विचारून बघितलं.

सरकारला जमत नाही हे मला मान्य नाही. 1950 च्या दशकात प्रयोग सुरू करून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात आयोडीनचं मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला, 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि आज माझ्या फडताळातल्या मिठाच्या पिशवीवर आयोडीनचं चिन्ह आहे. मिठाएवढी साधी गोष्ट सरकारने घराघरात नेली. माझा आजार मिठाने जाणारा नाही, माझं शरीरच माझ्या ग्रंथीवर उठलं आहे. गोळी जन्मभर घ्यायची आहे आणि मी ती घेईन. पण जे मिठाच्या पिशवीवर छापता आलं ते बायोटिनच्या पाकिटावर का छापता येत नाही? "रक्त तपासणीच्या दोन दिवस आधी घेऊ नका, डॉक्टरांना सांगा." हिंदीत, ठळक. आणि लॅबच्या पर्चीवर एक ओळ: बायोटिन घेता का, हो की नाही. आणि दवाखान्यात किट. तीन गोष्टी मागते आहे, त्यातली तिसरी तर व्यासपीठावरून दिलेलीच आहे.

पत्राबरोबर माझं रिकामं पाकीट जोडते आहे. मागच्या बाजूची अक्षरं वाचायला मला भिंग लागलं.

गोळी सुरू झाल्यावर, अक्षय तृतीयेला, मी उजव्या अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी मेंदीचा एक ठिपका लावला. काल शिवणाच्या टेपने मोजला. सात मिलिमीटर वर सरकला आहे.

आपली,
रामबाग, इंदूर येथील एक शिवणकाम करणारी