शेवटचा पत्रा तुझ्यासाठी ठेवलाय

वडगाव, बेळगाव
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय दोस्ता,

"म्हातारपणी हे कसलं खूळ?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा बायको शेजारीच बसली होती. म्हणून नीट सांगता आलं नाही. आता ऐक. मागच्या शेडात मी विमानाचा पंख करतोय. खराखुरा, तेरा फुटी, अ‍ॅल्युमिनियमचा, हाताने रिव्हेट मारलेला. उडणार का, ते विचारू नकोस. सध्या सरळ झाला तरी गंगेत घोडं न्हालं.

तीस वर्षं उद्यमबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिकचे व्हॉल्व्ह केले. तिथला सगळा माल जाडजूड. हा पत्रा अवघा ०.६ मिलिमीटर, इथे दांडगाई चालत नाही. खुणासुद्धा पेन्सिलीने करायच्या नाहीत, पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या रेघेखाली हा पत्रा पुढे गंजतो. चाळीस वर्षं कानामागे पेन्सिल ठेवणाऱ्या माणसाला हे किती जड गेलं असेल बघ.

आधी बरगड्या केल्या, म्हणजे पंखाला आतून आकार देणारे आडवे तुकडे. सागवानी फळ्यांचे दोन फर्मे (साचे), मध्ये पत्रा, सगळं शिकंज्यात आवळायचं आणि बाहेर राहिलेली कड मोगरीने हळूहळू खाली बसवायची. सरळ भागात कड निमूट बसते. पाठीच्या गोलाईवर मात्र ती लांबीला जास्त होते आणि तिला साडीसारख्या निऱ्या पडतात. फर्म्यातून काढली की अख्खी बरगडी केळ्यासारखी वाकडी! मग पकडीने त्या कडेला बारीक चिमटे काढायचे, पुढे जिथे रिव्हेट येणार त्या जागा सोडून. एकेका चिमट्याला ती केसभर सरळ होते. काचेवर ठेवायची, डोळा लावायचा, पुन्हा एक चिमटा. एका बरगडीत सगळी दुपार जाते, पण ती काचेवर सपाट टेकते तेव्हा जेवणाची आठवण राहत नाही.

आठ झाल्या तेव्हा लक्षात आलं की कडा उलट्या बाजूला वळवल्यात. बरगड्या डाव्या पंखाच्या, आणि मधला दांडा मी केलाय उजव्याचा. दोन्ही चपला डाव्या पायाच्या! त्या आठ आता भिंतीवर टांगल्यात, बायकोने त्यांच्यावर लसूण वाळत घातलाय.

रिव्हेट मारणं हे एकट्याचं काम नाही, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. बाहेरून एकाने रिव्हेटच्या डोक्यावर ठोकणारी गन धरायची, आतून दुसऱ्याने रिव्हेटच्या बाहेर आलेल्या शेपटीवर डॉली, म्हणजे पोलादी ठोकळा, दाबायची. रिव्हेट २.४ मिलिमीटरचा असेल तर त्याच्या दीडपट, म्हणजे ३.६ मिलिमीटर शेपूट बाहेर हवी. ठोकून तिचं डोकं व्हायला हवं ३.६ रुंद आणि १.२ उंच. कमी ठोकलं तर पकड नाही, जास्त ठोकलं तर चिरतं. डॉली बायको धरते. आमची खूण ठरलीय: आतून एक टिचकी म्हणजे पुढे चल, दोन म्हणजे अजून थोडं मार, तीन म्हणजे हा रिव्हेट काढ. चपात्या लाटून तिची नजर अशी तयार झालीय की माझं मापपट्टीवर जे ठरतं, ते ती बोट फिरवून सांगते.

एकदा मात्र तिची डॉली टेकायच्या आधीच मी चाप ओढला. पत्र्यावर गालासारखी खळी पडली. मी तिलाच बोललो. ती डॉली खाली ठेवून घरात गेली आणि दोन दिवस शेडाकडे फिरकली नाही. चूक माझी होती, हे तिसऱ्या दिवशी कबूल केलं, तेही चहा मीच करून दिल्यावर. खळी अजून आहे. पुसत नाही.

आवाजाची तक्रार नाही. आमच्या गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट, त्यात माझी गन कुणाला ऐकू येणार? शेजारच्या अक्का एकदा डोकावल्या, "इदेन्री?" म्हणजे हे काय हो? मी म्हटलं, "विमानद रेक्के री," विमानाचा पंख हो. त्या खो खो हसल्या आणि संध्याकाळी नातवंडांची फौज घेऊन आल्या.

आता मुद्द्याचं. खालची बाजू बंद झाली, वरचा पत्रा सगळ्या भोकांत स्प्रिंगच्या पिना लावून बसवलाय. अजून तो हलतो, म्हणून पीळ काढता येतो. रिव्हेट बसले की जो पीळ असेल तो कायमचा. म्हणून गवंड्याकडून चार ओळंबे आणून टांगलेत आणि रोज सकाळी बघतो. दोरे जुळलेत. पण शेवटच्या ओळींना डॉली धरायला बरगडीतल्या अरुंद भोकातून कोपरापर्यंत हात घालावा लागतो. माझा जात नाही, बायकोचा मनगटाशी अडकतो.

गटाराच्या जाळीतून चेंडू काढायला आपण कुणाला पुढे करायचो, आठवतंय ना? तोच हात पाहिजे. गणपतीला ये, दोन दिवस जास्त रहा. अंगठी आणि घड्याळ घरी ठेवून ये, आणि पूर्ण बाहीचा जुना शर्ट आण, भोकांच्या कडा बोचतात. कुंदा आणून ठेवतो, पण काम झाल्याशिवाय डबा उघडणार नाही.

तुझा
वडगावचा दोस्त