टायमिंग चेन तुटल्यावर हेड उघडलेच पाहिजे

माननीय संपादक,

मोटारसायकलची टायमिंग चेन तुटली की नवी चेन चढवायची, सेल्फ मारायचा आणि इंजिन सुरू होताच गाडी ग्राहकाच्या हवाली करायची, अशी पद्धत नागपुरातील काही गॅरेजमध्ये दिसते. हे काम अर्धवट आहे, आणि त्याची किंमत अखेर गाडीमालकालाच मोजावी लागते.

ही चेन मागच्या चाकाची नव्हे. ती इंजिनाच्या आत ऑइलमध्ये फिरते आणि क्रँकच्या (पिस्टनला जोडलेल्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे हेडमधील, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावरील भागातील, कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एक फेरी घडवते. धावत्या गाडीत ती तुटली की कॅम थांबतो, एखादा व्हॉल्व्ह (झडप) उघडाच राहतो आणि चाकाच्या ओढीने फिरणारा क्रँक पिस्टनला त्याच्यावर आदळवतो. अनेक इंजिनांत अशा वेळी व्हॉल्व्ह वाकतो, कधी त्याचे गाईड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी) तडकते आणि पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. किंचित वाकलेल्या व्हॉल्व्हवरही इंजिन कधीकधी सुरू होते, हीच खरी फसगत आहे. कारण असा व्हॉल्व्ह पुढे तुटून सिलिंडरमध्ये पडला, तर हाफ इंजिनात (फक्त वरच्या भागाच्या दुरुस्तीत) भागणारे काम फुल इंजिनावर (क्रँकसह सगळे इंजिन खोलण्यावर) जाते.

म्हणून हेड उतरवून व्हॉल्व्ह तपासणे टाळता येत नाही. हेडच्या पोर्टमध्ये (व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या वाटेत) थोडे पेट्रोल ओतून ते व्हॉल्व्हच्या कडेने झिरपते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. चेनचे तुकडे खाली क्रँककेसमध्ये पडलेले असू शकतात. ते काढून ऑइलची जाळी साफ करावी लागते. मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचे चुंबकाचे चाक) उतरवावे लागत असेल, तर त्यासाठी ओढून काढणारा पुलर असतो, हातोडा नव्हे. चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि तिला आधार देणाऱ्या गाईड पट्ट्या जुन्याच ठेवून नवी चेन बसवणे हा तर शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार आहे, कारण चेन सैल पडण्याचे मूळ बहुधा तिथेच, किंवा कमी पडलेल्या आणि काळ्या झालेल्या ऑइलमध्ये असते.

मॅग्नेटवरील ‘टी’ची खूण (पिस्टन सर्वात वर असल्याची) आणि कॅमच्या गिअरवरील खूण जुळवल्यानंतर सेल्फ मारण्यापूर्वी क्रँक हाताने किमान दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठे अडले तर जोर न लावता थांबावे आणि खुणा पुन्हा पाहाव्यात. टॅपेटचे अंतर (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतील फट) थंड इंजिनावरच बसवायचे असते. आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या शेडखाली दुपारी ते कसे साधणार? गाडी रात्रभर ठेवून हे काम सकाळी करावे.

दोष केवळ मिस्त्रींचा नाही. सकाळी गाडी सुरू करताना इंजिनातून खडखड येत असूनही महिनोन्‌महिने ती तशीच पळवणारे आणि ‘हेड कशाला खोलता, फक्त चेन टाका’ अशी घासाघीस करणारे आपणच असतो. मात्र ग्राहकाने नकार दिला, तरी ‘व्हॉल्व्ह तपासलेले नाहीत’ असे बिलावर स्पष्ट लिहून देणे गॅरेजला अवघड नाही. तुटलेली चेन, टेन्शनर आणि काढलेले व्हॉल्व्ह ग्राहकाने मागून घ्यावेत. कोणते भाग खरोखर बदलले, हे त्यावरून तिथल्या तिथे पडताळता येते.

आपला,
एक सेवानिवृत्त फिटर
मानेवाडा, नागपूर