आबा, फळीला जागा सोडली आहे

आदरणीय आबा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नातीला वाचून दाखवायला सांगितलं आहे. समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही "चहा घेतीस काय?" म्हणून विषय बदलता. तीनदा तसंच झालं. म्हणून लिहून काढते, आणि सगळ्यांसमोर लिहिते. तुम्ही आमच्या घरासाठी काय केलंत ते चार लोकांना कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आईसाठी टेबल करायचं म्हणून आमच्या जुन्या घराचं लाकूड तुमच्याकडे आणलं तेव्हा तुम्ही आधी काहीच बोलला नव्हता. नुसता त्यावरून हात फिरवलात. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतलं ते जुनं घर ऑगस्ट २०१९ च्या पुरात बसलं. माडीच्या दोन सागवानी तुळया आणि दाराच्या फळ्या तेवढ्या हाती लागल्या. चुलत्यांच्या गोठ्यात ठेवल्या, तर जुलै २०२१ ला पाणी पुन्हा गोठ्यात शिरलं. त्यानंतर त्या मंगळवार पेठेत आमच्या जिन्याखाली आल्या, भेगांमध्ये पंचगंगेचा गाळ तसाच. "जळणाला चांगलं आहे," असं घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा. तुम्ही नखानं थोडी साल काढलीत, वास घेतलात आणि म्हणालात, "पोरी, हे शंभर वर्षं जुनं असंल. आणखी शंभर टिकतंय."

मला टेबल हवं होतं ते आईसाठी. तिच्या गुडघ्यांनी मांडी घालणं बंद केलं आणि ओट्याशी उभं राहणंही जमेना. आयुष्यभर पाटावर बसून भाजी निवडलेली, भाकरी थापलेली बाई दिवसभर पलंगावर बसायला लागली. तयार टेबल विकत मिळालं असतं, पण तिच्या सासरच्या घरातलं लाकूड तिच्या हाताखाली असावं असं मला फार वाटत होतं. मी मजुरीचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मी करून देत न्हाई. तू कर. मी बसतो." खरं सांगते, त्या दिवशी मी थोडी खट्टू होऊन घरी गेले.

दिवाळीनंतर दर रविवारी तुम्ही आमच्या पायरीवर येऊन बसलात. पहिले दोन रविवार तर नुसते खिळे काढण्यात गेले. टिंबर मार्केटातल्या वखारीत चिरायला न्यायचं म्हणून मी टेम्पो ठरवला होता, तो तुम्ही परत पाठवलात. जुन्या तुळईत एक खिळा राहिला तरी करवतीचं पातं जातं आणि चिरणाऱ्या माणसाला इजा होऊ शकते. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून तुम्ही तो लाकडावरून फिरवलात. तो जिथं ओढ घेई तिथं खडूची खूण. एकवीस खिळे निघाले, त्यातले चार वरून दिसतही नव्हते.

चिरून आलेल्या फळ्या मी गच्चीवर उन्हात टाकल्या होत्या. तुम्ही त्या सावलीत आणायला लावल्यात आणि प्रत्येक थरात आडव्या पट्ट्या घालून रचायला सांगितलंत, खालून-वरून सारखी हवा लागावी म्हणून. उन्हात एक बाजू आधी वाळते आणि फळी पन्हळीसारखी वाकते. ताजं लाकूड असतं तर इंचाला एक वर्ष थांबावं लागलं असतं, आपलं जुनं होतं म्हणून महिन्यावर भागलं.

माप कुठल्या तक्त्यातून घेतलं नाहीत. आईला खुर्चीवर बसवून जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत सुतळी धरलीत. खुर्चीची बैठक १७ इंच, म्हणून टेबल २९ इंच. बाजारातली टेबलं बहुतेक ३० इंचांची असतात. तो एक इंच आईच्या खांद्यांना रोज जाणवला असता.

मग रंधा. तुमचा स्वतःचा, चाळीस वर्षं वापरलेला रंधा तुम्ही माझ्या हातात दिलात. मी उलट्या रेषेनं मारला की लाकूड उचकटायचं, आणि तुम्ही काही न बोलता फळीचं तोंड फिरवून द्यायचात. सुलट रेषेनं पहिली अख्खी, पाच फुटांची सलग साल निघाली ती मी आईला दाखवायला आत पळत नेली होती, आठवतं? सागवानाचा तो वास स्वयंपाकघरभर पसरला होता. आई म्हणाली, "माडीवर असाच वास यायचा, उन्हाळ्यात." त्यानंतर ती बराच वेळ त्या घराबद्दल बोलत राहिली. इतकं ती पूर आल्यापासून बोलली नव्हती, आबा.

पायांच्या खाचा आणि पट्ट्यांचे कुसू, म्हणजे त्या खाचांत बसणारी टोकं, करताना माझं चुकलं. रेघेवर करवत चालवली आणि कुसू ढिला झाला. वर्षानुवर्षं जपलेलं लाकूड वाया घालवलं म्हणून मला रडू आलं. तुम्ही एक पातळ चिपोटी तासून कुसूला चिकटवायला लावलीत, वाळल्यावर पुन्हा पटाशीनं थोडं थोडं घ्यायला लावलंत, आणि म्हणालात, "रेघ ठेवून कापायचं. जास्त राहिलं तर काढता येतंय." पुढचे सात कुसू हातानं दाबून बसले. चौकट जोडल्यावर दोन्ही कर्णांवर सुतळी धरून पाहिली, सारखी भरली, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा पायरीवरून उठून जवळ आलात.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते त्या लांबट भोकांसाठी. वरच्या पाच फळ्या चिकटवून अडीच फूट रुंदीचा माथा तयार झाला होता आणि मी तो चौकटीवर स्क्रूनं गच्च आवळायला निघाले होते. तुम्ही माझा हात धरलात. "लाकूड मेलंय असं वाटतंय व्हय तुला? पावसात ते पाणी पितंय, उन्हाळ्यात टाकतंय. जागा दे त्याला." लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. गच्च बांधलं तर माथा तडकतो, नाहीतर सांधे उखडतात. म्हणून मधले स्क्रू घट्ट आणि कडेचे स्क्रू लांबट भोकांतून, सरकतील असे. मला तेव्हा ते पटलं होतं ते फक्त तुम्ही सांगितलं म्हणून.

मे महिन्यात मी रुंदी मोजून भिंतीवर लिहून ठेवली. ऑगस्टमध्ये, सलग आठ दिवस झड लागून राहिली होती तेव्हा, पुन्हा मोजली. दीड सूत वाढली होती, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग! खाली वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर कडेचे स्क्रू भोकांत सरकलेले आणि वर एक केसाएवढी चीरही नाही. मी तशीच जमिनीवर बसून राहिले. दोन पूर सोसलेलं ते लाकूड याही पावसात फुगलं होतं, आणि त्याला जागा होती.

तेलाचं इथं मुद्दाम लिहिते, कारण हे घरोघरी माहीत असायला हवं. मी शेंगदाण्याचं तेल लावणार होते. ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट होतं. तुम्ही जवसाचं सांगितलंत. लक्ष्मीपुरीतून आणलं, पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर कित्येक दिवस थांबले. पण पहिल्या दिवशी तेलाची चिंधी मी बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि तुम्ही, एरवी सावकाश उठणारे, झटक्यात उठून ती बाहेर काढलीत. हे तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं आणि वाळताना तापतं. बोळ्यात ती उष्णता कोंडली तर चिंधी काडी न लावता पेटू शकते. चिंधी पसरून तारेवर वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायची. डब्याशेजारी आमचा गॅस सिलिंडर आहे, आबा. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता आई सकाळी टेबलाशी बसते. मेथी निवडते, लसूण सोलते, शेजारच्या पोराचा गृहपाठ घेते. परवा तिनं बसल्या बसल्या भाकऱ्या थापल्या, दोन वर्षांनी.

मजुरीचं पाकीट तुम्ही दोनदा परत केलंत, तिसऱ्यांदा आणणार नाही. रंधा पुसून, पात्याला तेलाचा हात देऊन, धोतराच्या कापडात गुंडाळून ठेवला आहे. रविवारी घेऊन येते, आणि परत जाताना तुम्हाला सोबत आणते. आईनं मटणाचं सांगून ठेवलं आहे, तांबडा-पांढरा दोन्ही करणार आहे. येताना चष्मा विसरू नका. खिडकीकडच्या पायाच्या सांध्यात मला बारीक फट दिसते आहे, ती तुम्ही एकदा बघायला हवी.

तुमची,
समोरच्या गल्लीतली पोर