आरोग्यमंत्री महोदय, संध्याकाळी सातनंतर त्याला कुठे पाठवू?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

नागपुरात हिंगणा रोडला माझं औषधांचं दुकान आहे. एमआयडीसीची पाळी सुटली की गर्दी होते. त्यातला एखादा पोरगा मोबाईल बघत बाजूला रेंगाळतो आणि दुकान रिकामं झालं की हळूच म्हणतो, "भाऊ, लघवीले लय जळजळ होऊन राह्यली, पू बी येते. काही गोळी द्या ना जी." मी चिठ्ठी मागतो. तो निघून जातो आणि पुढच्या चौकात चिठ्ठीविना अँटिबायोटिक घेतो.

हा बहुधा परमा (गनोरिया) किंवा क्लॅमिडिया, दोन्ही शरीरसंबंधातून पसरणारे आजार. चुकीच्या डोसाने त्रास दबतो, जंतू मात्र औषधाला सरावतो. बायकोला अनेकदा काहीच जाणवत नाही, त्यामुळे तिच्या औषधाचा विषयच निघत नाही. आजार आतल्या आत गर्भनलिका खराब करतो आणि पुढे मूल होत नाही म्हणून तपासण्या तिच्याच मागे लागतात.

गरमी, म्हणजे सिफिलिस, त्याहून फसवी. जागेवर चट्टा येतो, दुखत नाही, काही आठवड्यांत आपोआप भरतो. श्रेय मिळतं माझ्याच दुकानातल्या एखाद्या मलमाला! पुढे तळहात-तळपायांवर पुरळ उठतं. मे महिन्यातल्या नागपुरात त्याला उष्णता म्हणून सब्जा पिणारेच जास्त. सुरुवातीलाच रक्त तपासलं तर बेन्झाथिन पेनिसिलिनचा २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो. गरोदर बाईत निदान राहून गेलं तर मूल पोटातच दगावू शकतं.

सरकारकडे सोय नाही असं मी म्हणणार नाही. अशा आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहेत, लक्षणांनुसार रंगवार औषधांचे किट फुकट मिळतात, १०९७ ही एड्स हेल्पलाइन आहे. पण सरकारी ओपीडी मुख्यतः सकाळची. ठेकेदाराकडच्या कामगाराची त्यात हजेरी बुडते, वर रांगेत कोणी ओळखीचं भेटेल ही धास्ती. मेडिकल आणि मेयो ही इथली मोठी सरकारी रुग्णालयं तुमच्या खात्याची नाहीत, हे ठाऊक आहे. 'आपला दवाखाना' मात्र तुमच्याच खात्याची योजना आणि ती मुळातच संध्याकाळी कामावरून सुटणाऱ्यांसाठी. तिथे हे किट ठेवा, बोटातल्या थेंबभर रक्तावर होणारी सिफिलिसची चाचणी ठेवा. पेशंटला तपासताना जोडीदाराच्या उपचाराचंही तिथल्या तिथे ठरवा, नाहीतर नवरा बरा होऊन घरूनच पुन्हा आजार घेऊन येतो. आणि "काय त्रास आहे?" हे चार लोकांसमोर नको, दार लावून विचारा. त्याला निधी लागत नाही.

बसस्टँडच्या मुताऱ्यांत 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' असे कागद चिकटवलेले असतात. लैंगिक रोगांच्या इलाजाची अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. कागद फाडून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी नवा लागतो. त्यावर छापलेल्या नंबरवरून माणूस शोधा.

चिठ्ठीविना विक्री तपासायची असेल तर खुशाल माझ्या दुकानापासून सुरुवात करा. फक्त त्याआधी, संध्याकाळी सातनंतर आलेल्या त्या पोराला मी कुठला पत्ता द्यायचा, तेवढं लेखी कळवा.

आपला,
एक औषधविक्रेता, नागपूर