चौघांत एक कीबोर्ड

महोदय,

गोळीबाराच्या गेम्समुळे मुलं एकलकोंडी होतात, असा सूर आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. आजच्या मुलांचं मला सांगता येणार नाही. आमचे चिरंजीव हेडफोन लावून कुणाशी बोलत असतात ते विचारायची सोय नाही. पण १९९५ साली नौपाड्यात 'डूम' हा राक्षसांवर गोळ्या झाडायचा कॉम्प्युटर गेम एकट्याने खेळणं आम्हाला शक्यच नव्हतं.

गोखले रोडच्या मागे मित्राच्या दोन खोल्यांच्या घरात एक ४८६ कॉम्प्युटर होता, काकांनी हिशेबाच्या कामासाठी घेतलेला. ते घरी यायच्या आत, म्हणजे पाच ते साडेसहा, तो आमचा. पोरं चार, कीबोर्ड एक. मग वाटण्या झाल्या. एकाकडे बाणांच्या कळा. दुसऱ्याकडे कंट्रोल आणि स्पेसबार, म्हणजे गोळी आणि दार. तिसऱ्याने स्क्रीनच्या तळाशी दिसणाऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची. जीव कमी होईल तसं ते तोंड रक्ताळत जायचं. चौथा जिन्यात, काकांच्या स्कूटरची चाहूल घ्यायला. तो बहुतेक वेळा मीच. बाणवाला आणि गोळीवाला यांचं वाजलं की आमचा सैनिक भिंतीकडे तोंड करून काडतुसं संपवायचा.

अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९३ मध्ये हा गेम काढला, तेव्हा पहिला भाग फुकट होता. खुशाल कॉपी करा, मित्रांना वाटा. पुढच्या दोन भागांना पैसे. आमच्याकडे तो फ्लॉपीवरून आला, आणि डॉलर मोजणार कोण? त्यामुळे आमचं डूम पहिल्या भागातच संपलं. तेही कसं, तर शेवटचे दोन राक्षस मारून पुढच्या चौथऱ्यावर पाय ठेवला की आपण एका अंधाऱ्या खोलीत, आणि तिथे आपलाच निकाल. पंधरा दिवस आम्हाला वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. आयडीडीक्यूडी हा चोरकोड टाइप करून अमरही होऊन पाहिलं. त्या खोलीत तेही चालत नाही. भांडणं हातघाईवर आली तेव्हा काकू पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अरे, त्याला मारायलाच नेलंय तिथे. तुम्ही कशाला एकमेकांच्या उरावर बसताय?"

काकूंचं बरोबर होतं. गेमच तसा लिहिलेला आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही चौघं जमलो, लॅपटॉपवर डूम चढवला. तीस वर्षांनी बाण माझ्या हातात आले. पहिल्याच दारापाशी गोळीवाला खेकसला, "वळ ना रे, बावळटा!"

– एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)