बाबांच्या हाती स्वयंपाकघर

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आईच्या मनगटाचं प्लॅस्टर निघालं तरी लाटणं-मळणं अजून बंद आहे, हे बाबांकडून कळलं. डब्याच्या भाजीवर बोटभर तवंग असतो आणि बाबा निमूटपणे अर्धा डबा तसाच ठेवतात, हे आईकडून. एकमेकांच्या चुगल्या सुरू आहेत, म्हणजे तब्येती बऱ्या असाव्यात.

हे पत्र मुख्यतः बाबांसाठी आहे. आई, तू वाच, पण मध्ये बोलू नकोस.

बाबा, तुम्हाला चहापलीकडे काही येत नाही हे मान्य. पण इथे अथेन्समध्ये संध्याकाळी टेबलावर ज्या लहान लहान बशा येतात, त्यातल्या बऱ्याच गॅसवर चढतच नाहीत. किसायचं, पिळायचं, चिरायचं, वरून ऑलिव्ह तेल सोडायचं, संपलं. मग दोन तास गप्पा. जन्मभर लोकांच्या शेतांची मोजणी केलेल्या माणसाला हे जमू नये असं त्यात काही नाही.

सुरुवात त्झात्झिकीने करा. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तीच बरी. लिटरभर घट्ट दही रात्री फडक्यात बांधून फ्रिजमध्येच चाळणीवर ठेवा, खाली भांडं. सकाळी चक्का तयार. श्रीखंडाचा विचार मनात आणू नका, साखरेचा रिपोर्ट मी पाहिलाय. एक मोठी काकडी किसा, चिमूटभर मीठ लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग फडक्यात घालून पिळा. सगळी मेख इथे आहे. आपल्याला वाटतं पिळून झाली, तरी आणखी पिळायची. पाणी राहिलं तर तासाभरात दह्याचं ताक होतं. मग चक्का, काकडी, लसणाच्या दोन ठेचलेल्या पाकळ्या, दोन चमचे ऑलिव्ह तेल, चमचाभर व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू. होय, शेपूच. इथे तो ताजा, कोवळा मिळतो. आपला जास्त उग्र असतो, म्हणून थोडाच घाला, आणि अजिबातच नको असेल तर पुदिना. तासभर फ्रिजमध्ये ठेवून मग खा. आई, फोडणी नाही, दाण्याचं कूट नाही, साखर नाही. तुझा हात शिवशिवेल हे मला माहीत आहे.

वांग्याचं वेगळं सांगत नाही, भरीत तुम्ही खात आलाच आहात. फक्त भाजलेला गर चाळणीत ठेवून त्याचं काळं पाणी गळू द्या, मिक्सरला न लावता सुरीने चिरा, आणि तेल थोडं थोडं घालत घोटा. लसूण, लिंबू, मीठ. इथे पार्सली घालतात, तुम्ही सांबार, म्हणजे कोथिंबीर, घाला. वांगं भाजण्यापुरता गॅस लागेल, तेवढा पेटवता येतो तुम्हाला.

आता खास तुमच्यासाठी. सँतोरिनी बेटावर एक डाळ पिकते, तिला फावा म्हणतात. ज्वालामुखीच्या राखेची जमीन, पाऊस जेमतेम, तरी ती येते. तिथे अक्रोतिरीला राखेखाली गाडलेलं जुनं गाव खणून काढलंय, त्यात सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे हेच दाणे सापडले. आणि ती कोण लागते ठाऊक आहे? आपल्या लाखोळीची सख्खी चुलत बहीण. धानाच्या बांधीत ओल असताना लाखोळी फेकायचे, असं तुम्ही सांगायचात ना? तिकडे वर्षानुवर्षं तिच्या विक्रीला बंदी होती, आणि इथे तिच्या चुलत बहिणीचा पाव किलो घेताना मी दोनदा किंमत वाचते. रोज नुसती लाखोळीच खाल्ली तर पाय लुळे पडतात हे खरं, तेव्हा तुम्ही मुगाची डाळ वापरा. कांदा घालून मऊ शिजवायची, घोटायची, ऑलिव्ह तेल आणि लिंबू, वरून कच्चा कांदा. दातांच्या कवळीला अगदी सोयीची.

सॅलड मात्र आत्ता करू नका. इथलं गावाकडचं म्हणून जे सॅलड असतं, त्यात पालापाचोळा नसतो: टोमॅटो, काकडी, कांदा, हिरवी ढोबळी मिरची, काळी ऑलिव्हं, सगळं जाडजाड चिरलेलं. त्याची सारी मदार टोमॅटोवर. इथे तो जुलै-ऑगस्टात खरा पिकतो, तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत. तेव्हाच करा. खाली जो रस उरतो त्यात इथे पाव बुडवतात आणि कुणी लाजत नाही. आई, तुझी ज्वारीची भाकरी त्यात पावापेक्षा चांगली लागेल, पण थापायची बाईला सांग.

वर फेटा चीजची अख्खी वडी ठेवतात, कुस्करत नाहीत. त्यात किमान ७० टक्के मेंढीचं दूध लागतं, उरलेलं शेळीचं. बाबांना कोर्टकज्जे आवडतात म्हणून सांगते: फेटा हे नाव फक्त ग्रीसचं, असं युरोपीय संघाने २००२ मध्ये ठरवलं, त्यावर जर्मनी आणि डेन्मार्क कोर्टात गेले आणि २००५ मध्ये हरले. फेटा खारट असतो, बीपीला चालणार नाही. त्याऐवजी पनीर घालू नका. पनीर बिचारं त्या बशीत परकं दिसतं. काहीच नसलं तरी चालतं.

आईसाठीही एक. इथे ईस्टरआधी चाळीसहून जास्त दिवसांचा मोठा उपवास असतो. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-दही-लोणीसुद्धा नाही. पण कोळंबी, कालवं, माकूळ चालतात! खालच्या मजल्यावरच्या आजींनी हे सांगितलं तेव्हा मी साबुदाण्याचं सांगितलं. एवढा पिष्टमय उपवास त्यांना पटला नाही.

तेलाचं लक्षात ठेवा. ऑलिव्हचं तेल महाग आहे, ते तळणीत घालवू नका. कच्चंच वरून, आणि बाटली उन्हात किंवा गॅसजवळ ठेवायची नाही. इथला वाळलेला ओरेगॅनो ऑफिसातल्या एकाबरोबर पाठवतेय, तो पुढच्या आठवड्यात नागपूरला पोचेल. पिझ्झाबरोबरच्या पुडीतला वापरू नका.

रविवारी फोन करीन तेव्हा पहिली त्झात्झिकी झालेली हवी. काकडी बाबांनीच पिळायची. आईने खुर्चीवर बसून चुका काढायच्या. आणि लसूण कच्ची असते, तेव्हा खाल्ली तर दोघांनीही खा.

तुमची,
धाकटी

ता. क. आईचे व्यायाम कुणी करून घेतंय का? स्पंजचा चेंडू दाबायला सांगितला होता ना?