लिनक्स टाकलेला लॅपटॉप नीट झोपतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे लॅपटॉप भंगारात न काढता अनेकजण त्यांवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाकून घेतात, ही फार चांगली गोष्ट आहे. पण टाकून देणारे वायफाय, आवाज, प्रिंटर एवढे पाहून मशीन ताब्यात देतात. झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोपतो (‘स्लीप’मध्ये जातो) का, ते कोणीच बघत नाही. मग रात्री ८० टक्के असलेली बॅटरी सकाळी निम्म्यावर येते, नाहीतर सॅकमध्ये लॅपटॉप तापतो आणि धडधाकट बॅटरी बदलली जाते.

(पुढची नावे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा देण्याच्या खिडकीत, इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची आहेत.)

/सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाइल ‘कॅट’ या आज्ञेने उघडली की ‘एस२आयडल’ आणि ‘डीप’ असे झोपेच्या प्रकारांचे शब्द दिसतात. चौकटी कंसातला चालू असतो. एस२आयडलमध्ये प्रोसेसर नुसता निवांत पडतो. डीपमध्ये रॅम सोडून जवळजवळ सगळ्याचा वीजपुरवठा तुटतो. दोन्ही शब्द असतील आणि कंस एस२आयडलला असेल, तर आधी ‘इको डीप | सुडो टी’ आणि पुढे त्याच फाइलचे नाव अशी आज्ञा देऊन तिच्यात ‘डीप’ लिहा. हे रीस्टार्टपर्यंतच टिकते, आणि सुरुवातीला तेच हवे: उठताना स्क्रीन काळीच राहिली, तर पॉवर बटण दाबून धरले की सगळे पूर्ववत. म्हणून उघडी कामे आधी सेव्ह करा. ‘सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस ६०’ दिले की मशीन झोपून मिनिटाने आपोआप उठते. पाच-सहा वेळा विनातक्रार उठले, तरच ग्रबच्या (लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमधल्या लिनक्स डीफॉल्ट ओळीत ‘मेम_स्लीप_डीफॉल्ट=डीप’ घाला आणि ग्रब अपडेट करा.

यादीत डीप नसेलच, तर ग्रबमध्ये काहीही लिहून ते येणार नाही. बायोसनेच (लॅपटॉपमधल्या मूळ सॉफ्टवेअरनेच) ते दिलेले नसते. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ‘स्लीप स्टेट’चा पर्याय मात्र असतो, तो जरूर शोधावा. एस२आयडलवरच राहावे लागले, तर झोपेतून उठल्यावर /सिस/पॉवर/सस्पेंड_स्टॅट्समधली ‘लास्ट_एचडब्ल्यू_स्लीप’ ही फाइल पाहा (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ६.४ पासून). हार्डवेअर ही नोंद देत असेल, तर तिथला आकडा मायक्रोसेकंदांत असतो. तो शून्य असेल तर हार्डवेअर खऱ्या झोपेत गेलेच नाही. एखादा ड्रायव्हर किंवा उपकरण त्याला जागे ठेवते आहे.

मोजमाप टक्क्यांत करू नका. झोपण्याआधी आणि उठल्यावर ‘अपॉवर -डी’ या आज्ञेने दिसणाऱ्या यादीतला बॅटरीचा ‘एनर्जी’ हा आकडा (वॉट-तासांत) लिहून घ्या. आठ तासांत २० वॉट-तास गेले तर खर्च अडीच वॉटचा झाला. याला झोप म्हणत नाहीत. दोन वॉट-तास गेले तर पाव वॉट, ते ठीक. बॅटरी खरेच थकली आहे का, हे त्याच यादीत ‘एनर्जी-फुल’ (आता मावते तेवढी) आणि ‘एनर्जी-फुल-डिझाइन’ (नवी असताना मावायची तेवढी) शेजारी ठेवले की कळते.

सॅकमध्ये लॅपटॉप आपोआप जागा होत असेल, तर बहुधा माउसचा यूएसबी रिसीव्हर कारणीभूत असतो. /प्रॉक/एसीपीआय/वेकअपमध्ये ‘एक्सएचसी’ची (यूएसबी कंट्रोलरची) ओळ ‘एनेबल्ड’ दिसेल. या फाइलमध्ये एक्सएचसी लिहिले की ती बंद होते. मात्र पुन्हा लिहिले की पुन्हा चालू! अनेकजण इथेच फसतात. रीस्टार्टनंतरही ती मूळ स्थितीत येते.

टीएलपी आणि पॉवर प्रोफाइल्स डीमन हे वीज वाचवणारे दोन प्रोग्राम एकत्र ठेवू नयेत, ते एकमेकांच्या सेटिंग पुसतात. हायबरनेट (रॅममधले सगळे डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणे) हवे असेल तर डिस्कवर रॅमएवढी स्वॅप जागा ठेवा. बायोसमधले सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास बहुतेक लिनक्समध्ये हायबरनेट चालतच नाही.

शाळांना, विद्यार्थ्यांना असे लॅपटॉप देणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे: देण्याआधी एक रात्र ही चाचणी घ्या. स्लीपचा कोणता मोड चालतो आणि रात्रभरात किती वॉट-तास जातात, हे चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या तळाला चिकटवा.

आपला,
एक वाचक, पुणे